नवी भाजी ताटात डावीकडे वाढा

वाचक लिहितात:

ताई, माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. वरण-भात, तूप-साखरेची पोळी, बटाट्याच्या काचऱ्या, दही आणि केळं एवढंच खातो. हिरवं काही दिसलं की ताट पुढे ढकलतो. दूध मात्र मोठे तीन पेले न सांगता पितो. डॉक्टर म्हणतात, वजन-उंची ठीक आहे. घरात सासू-सासरे आहेत. सासरे मूळचे माणदेशातले, बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले. ‘पानात पडेल ते खायचं’ हा त्यांचा नियम, आणि त्यात वावगं काही आहे असं मलाही वाटत नाही. गेल्या गुरुवारी दोडक्याची भाजी होती. ‘संपवल्याशिवाय उठायचं नाही’ असं त्यांनी बजावलं. मी सगळ्यांना गरम पोळ्या वाढून, ओटा आवरून आले तरी पोरगं ताटापुढे तसंच. सव्वा तास झाला. शेवटी डोळे मिटून खाल्लं आणि तिथेच ओकलं. नवरा म्हणाला, तू लाडावून ठेवलंयस. माझी आई म्हणते, मोबाईल लावून भरव. आणि खरंच, मोबाईल लावला की दोडकासुद्धा पोटात जातो. मग जबरदस्ती करायची की नाही? नाही केली तर हा मोठेपणी कुणाच्या घरी जेवू शकेल का? चूक माझी आहे का?
— एक आई, ठाणे

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो डोक्यात घोळत असेल तर पुढचं काही वाचून होणार नाही. चूक तुमची नाही. पाच वर्षांच्या मुलाने भाज्यांना नाही म्हणणं हे लाडाचं लक्षण नाही, बऱ्याचदा ते नुसतं वयाचं असतं.

आणि जबरदस्तीचं म्हणाल तर, करू नका. घास गिळायला लावू नका, रडवून नाही आणि गोड बोलूनही नाही. पण त्याला आवडत नाही म्हणून दोडका, पडवळ, मेथी त्याच्या नजरेसमोरून गायबही करू नका. घरात जे शिजेल ते त्याच्या ताटात दिसलं पाहिजे. तोंडात घालायचं की नाही, ते त्याच्यावर सोडा.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली. सुरुवातीच्या वर्षांत डबा संपलाच पाहिजे असा माझा नियम होता आणि त्याचा मला अभिमान होता. चार वर्षांची एक मुलगी होती. एक दिवस तिच्या डब्यात दुधीची भाजी आणि पोळी होती. मी शेजारी बसले, चिऊचा घास झाला, काऊचा घास झाला, मग आवाज चढवला आणि शेवटचा घास माझ्या हाताने तिच्या तोंडात घातला. तिने तोंड मिटलं. झालं एकदाचं, असं म्हणून मी उठले. मग गाणी झाली, चित्रं रंगवून झाली, शाळा सुटली. संध्याकाळी तिची आई घरी आली. रागावलेली नव्हती. म्हणाली, “बाई, दुपारी झोपवायला घेतली तर गालात घास तसाच होता.” अकराला भरवलेला घास तिने दीड वाजेपर्यंत गालात धरला होता. गिळवत नव्हता आणि मला भिऊन थुंकवतही नव्हता. गाण्याच्या वेळी ती नुसते ओठ हलवत होती, हे मला त्या क्षणी आठवलं. तो घास तोंडात घेऊन ती झोपली असती तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यानंतर मी एकाही मुलाच्या तोंडात बळे घास घातला नाही.

तुमच्या मुलाचं ओकणं हे नाटक नव्हतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर उलटी झाली की त्या पदार्थाची चव आणि ती मळमळ यांची डोक्यात गाठ बसते. मोठ्यांचंही तसंच होतं. आजारपणात जे खाऊन ओकलो, त्याचा वास पुढे कित्येक वर्षं नको वाटतो. म्हणजे गुरुवारच्या त्या सव्वा तासाने दोडका त्याच्या जवळ आला नाही, आणखी लांब गेला. आता दोनेक महिने घरात दोडका शिजवू नका.

या वयात असं का होतं, तेही सांगते. साधारण दोन ते सहा या वर्षांत बहुतेक मुलं अनोळखी पदार्थाला घाबरतात. ज्याची चव माहीत नाही ते तोंडात घालायचं नाही, ही त्यांची सावधगिरी असते. काहींमध्ये ती जरा जास्त असते आणि पुष्कळ अंशी ती जन्मतःच मिळालेली असते. कोबी-मुळ्यासारख्या भाज्यांतला कडवटपणा तर काही जिभांना खरोखरच जास्त लागतो. तुम्हाला जो कोबी गोडसर लागतो तोच त्याला कडू लागत असेल, आणि तो खोटं बोलत नसेल.

दुसरं म्हणजे वाढीचा वेग. जन्माला आलेलं तीन किलोचं बाळ वर्षभरात नऊ किलोचं होतं. दोन वर्षांनंतर मात्र वजन वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं. तेव्हा भूक कमी होणारच. आजी-आजोबांच्या डोळ्यांपुढे तो एक वर्षाचा असतानाचा भरभर खाणारा नातू असतो आणि आता ‘हा काहीच खात नाही’ असं त्यांना मनापासून वाटतं.

लिअॅन बर्च या अमेरिकन संशोधिकेने मुलांच्या खाण्याचा अभ्यास करण्यात उभं आयुष्य घातलं. नवा पदार्थ लहान मुलाने आपला मानायला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही चाखावा लागतो, असं त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांतून दिसलं. आपण तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच ‘याला आवडतच नाही’ असं ठरवून मोकळे होतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप दिलं. कधी नुसतं दिलं आणि कधी ‘सूप संपवा’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं. मार नव्हता, ओरडा नव्हता, नुसतं सांगणं. सांगितलं तेव्हा मुलांनी सूप कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. बक्षिसाचंही असंच आहे. ‘भाजी खाल्लीस तर आइस्क्रीम देईन’ म्हटलं की मुलाला एवढंच कळतं की ही भाजी इतकी वाईट आहे की ती खाण्याबद्दल काहीतरी द्यावं लागतं.

एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ आहेत, त्याही अमेरिकेतल्याच. त्यांनी कामाची वाटणी करून दिली आहे आणि ती मला पूर्ण पटते. काय शिजवायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने ठरवावं. आपल्याकडे उलटं होतं. मूल म्हणेल ते शिजतं आणि किती खायचं ते आपण ठरवतो.

आता तुमच्या सासऱ्यांविषयी. त्यांच्याबद्दल लिहिताना मला फार जपून लिहावंसं वाटतं, कारण १९७२ चा दुष्काळ मीही लहानपणी पाहिला आहे. अमेरिकेतून आलेली ती लालसर मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी, खडी फोडून आलेल्या बायांच्या हातांना आलेले फोड. ज्या माणसाने नवव्या-दहाव्या वर्षी अर्ध्या भाकरीसाठी वाट पाहिली आहे, त्याला ताटातली भाजी ढकलून देणारा नातू पाहून काय होत असेल! तो राग नाही, ती भीती आहे. ‘जुन्या वळणाचे आहेत’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. त्यांच्यापाशी बसा आणि त्यांना मिलोच्या भाकरीबद्दल विचारा. माझा मोठा भाऊ त्यावर जगला. आज सत्तरी ओलांडली तरी लाल ज्वारीचं नाव काढलं की त्याची मान फिरते. भुकेने खायला लावलं, पण आवड काही लागली नाही. तुमचे सासरेही कदाचित हेच सांगतील. सांगितलं तर पुढचं बोलणं सोपं होईल.

त्यांचा नियम मोडू नका, मी तर म्हणेन तो नीट पाळा. ‘पानात टाकू नये’ हा नियम वाढून घेणाऱ्याला आहे. जो आपल्या हाताने वाढून घेतो त्याने भुकेपुरतंच घ्यावं आणि घेतलेलं संपवावं. त्या गुरुवारी दोडका मुलाने वाढून घेतला होता का? पाच वर्षांचं मूल स्वतः वाढून घेऊ शकतं. भाताचं पातेलं, वरणाची वाटी, छोटा डाव त्याच्यापुढे ठेवा आणि त्याला घेऊ द्या. सांडेल थोडं. पण जे घेईल ते तो बहुतेक वेळा संपवेल आणि आजोबांनाही ते दिसेल.

नवी भाजी मात्र तुम्ही वाढा, आणि ती डावीकडे वाढा. आपल्या ताटाची रचना किती शहाणी आहे पाहा. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडचं कुणी वाटीभर खात नाही. बोटाने, चिमटीने, चवीपुरतं घ्यायचं. नाही घेतलं तरी त्या दिवसाचं जेवण अडत नाही. नवी भाजी मुलाला तिथे हवी असते. मटाराच्या दाण्याएवढी वाढा. खरंच तेवढीच, चमचाभरही नाही. उजवीकडे त्याच्या ओळखीचं काहीतरी रोज असू द्या, वरण-भात किंवा पोळी, म्हणजे उपाशी राहायची भीती त्याला नसेल. डावीकडचा दाणा त्याने पाहिला, वास घेतला, बोट लावून चाटलं, हे सगळं चालेल. तोंडात घालून नको वाटलं तर हळूच काढून ठेवायला शेजारी एक बशी ठेवा. अन्न तोंडातून काढणं घरात चालणार नाही, हे मला माहीत आहे. पण बाहेर काढायची मुभा असलेलं मूलच तोंडात घालायचं धाडस करतं. बालवाडीत ही बशी ठेवल्यावर पहिल्या महिन्यात ती रोज भरायची. नंतर बहुतेक दिवस कोरडीच राहायची.

वाढताना काही बोलू नका. ‘बघ, किती छान’ नको, ‘एकच घास’ नको. खाल्लं तरी टाळ्या नकोत. त्याच्याकडे बघत बसणारे चार जण नसले की त्यालाही बरं वाटेल.

एका बाबतीत मात्र हयगय करू नका. अन्नाला ‘शी’ म्हणायचं नाही. नको असेल तर ‘मला नको’ म्हणायचं आणि ताट ढकलायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांबरोबर बसायचं. वेगळं काही करून मिळणार नाही, रडला तरी नूडल्स उकळायच्या नाहीत. हे सगळं या वयात जमतं आणि ते सांगायचा तुम्हाला हक्क आहे. मोठेपणी कुणाच्या घरी जेवू शकेल का, असं तुम्ही विचारलंय. कुणाच्या घरी माणूस अडतो तो दोडक्यामुळे नाही, नाक मुरडल्यामुळे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘सगळ्यांना गरम पोळ्या वाढून, ओटा आवरून आले.’ म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या नंतर जेवता, बहुधा तो झोपायला गेल्यावर. तुमच्या मुलाने तुम्हाला दोडका खाताना शेवटचं कधी पाहिलं? ज्या आईच्या हातचं खातो ती स्वतः काय खाते हेच त्याला दिसत नसेल, तर त्याच्यापुढे उरतात ते फक्त त्याच्या ताटाकडे बघणारे डोळे. मुलं दुसऱ्यांचं बघून खातात, हे मी रोज पाहिलंय. गाजर न खाणाऱ्या पोराला गाजर आवडणाऱ्या तिघांच्या मधे बसवायचं, आपण काही बोलायचं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ते न विचारता गाजर उचलतं. पोळ्या आधी करून डब्यात झाकून ठेवा आणि आठवड्यातून निदान चार दिवस त्याच्या शेजारी बसून जेवा. पोळ्या थोड्या निवतील, निवू देत. घरातल्यांना ते पटवायचं काम तुमच्या यजमानांचं आहे. ‘तू लाडावून ठेवलंयस’ म्हणण्यापेक्षा हे केलं तर जास्त उपयोग होईल, असं मी म्हटलंय म्हणून त्यांना सांगा.

दुधाचं बोलते. मोठे तीन पेले म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास झालं. एवढ्यावर या वयाचं पोट भरतं. मग जेवायला भूक कुठून राहणार? दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा आणि जेवणाआधी दोन-अडीच तास दूध, बिस्किट, काही नको. दूध फार प्यायलं की लोहही कमी पडतं, कारण दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि पोट मात्र भरलेलं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या ६७ मुलांत रक्त कमी आढळलं. तुमच्या मुलाचं वजन ठीक असलं तरी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. दमत असेल, फिकट दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल तर नक्कीच.

मोबाईल लावून दोडका पोटात जातो हे खरं. पण तोंडात काय गेलं हे त्याला कळतच नाही, आणि चवीची ओळख तर तिथेच व्हायची असते. पोट भरलंय हेही कळत नाही. एकदम बंद करायला जड जात असेल तर आधी रात्रीच्या जेवणाचा बंद करा. पहिले काही दिवस तो कमी खाईल. खाऊ द्या कमी.

आता त्याला आवडतं त्याच्या शेजारचं काय, ते शोधा. काचऱ्या आवडतात ना? मग तशाच पातळ, तशाच तेलावर परतलेल्या कच्च्या केळ्याच्या करा, पुढे सुरणाचे काप. सुरण चिंचेच्या पाण्यात ठेवून घ्या, घशाला खाजलं तर पुन्हा हात लावणार नाही. दही आवडतं, तर लाल भोपळा वाफवून, कुस्करून, दही-साखर घालून भरीत करा. पोळीवरून धपाट्यावर जाता येईल. बुधवारी बाजारात आजोबांबरोबर पाठवा आणि एक भाजी त्याला निवडू द्या. शेंगा सोलायला, मेथीची पानं खुडायला बसवा. हाताला वास लागला की तोंडाला तो इतका परका वाटत नाही. यात आजोबा सगळ्यात उपयोगी पडतील, कारण शेतातली भाजी त्यांच्याइतकी घरात कुणालाच माहीत नसणार.

वरणात दुधी किसून लपवायचा सल्ला तुम्हाला पुष्कळ जणी देतील. मी देणार नाही. त्याच्या भरवशाच्या जेमतेम पाच गोष्टी आहेत. वरणात आईने काहीतरी मिसळलंय हे एकदा कळलं की वरणही जाईल. घालायचाच तर त्याच्यासमोर किसा, सांगून घाला आणि थोडं साधं वरण बाजूला काढून ठेवा.

काही मुलांचं मात्र एवढ्याने भागत नाही. खाण्याची यादी वाढायच्या ऐवजी महिन्यागणिक आखडत असेल, वजन थांबलं असेल, विशिष्ट स्पर्शाचं काहीही तोंडाजवळ आलं की उबळ येत असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. मानसोपचाराच्या वर्गीकरणात २०१३ पासून अशा टोकाच्या अडचणीला वेगळं नाव आणि जागा मिळाली आहे, आणि तिच्यावर मदत करणारे तज्ज्ञ असतात. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. पण पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांना तो काय काय खातो हे पाच पदार्थांच्या नावानिशी सांगा, नुसतं ‘कमी खातो’ असं नको.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजा. मधे आजारी पडला, गावाला जाऊन आला की पुन्हा मागे जाईल. तेव्हा घाबरून जुन्या वाटेला जाऊ नका.

आणि दोन महिन्यांनी दोडका आणाल तेव्हा भाजी करू नका. शिरा काढा, बारीक चिरून कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं आणि मीठ घालून चटणी करा. आजोबांच्या ताटात डावीकडे वाढा, तुमच्या वाढा, त्याच्याही ताटात चिमूटभर वाढा. मग जेवायला बसा आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोला.

तुमची,
ताई